हाताची घडी, तोंडावर बोट

लहान मुलांना गाणं-ताल ऑनलाइन शिकवणं म्हणजे शुद्ध फसवणूक, असं ठासून सांगणारी माणसं मला गेल्या चार-पाच वर्षांत पुष्कळ भेटली. त्यातली बहुतेक पुण्याची, सोलापूरची नाहीतर हैदराबादची. म्हणजे ज्यांच्या गल्लीच्या तोंडाशी तबल्याचा क्लास आहे, पलीकडच्या चौकात कथक आहे, आणि एक सर आले नाहीत तर दुसरे सर आहेत, अशी. "पोहायला काय पत्रातून शिकतात का हो?" असं एका लग्नात एका गृहस्थांनी मला विचारलं आणि स्वतःच मोठ्यानं हसले. पंगत वाढायची होती, म्हणून तेव्हा उत्तर दिलं नाही. आता देते.

मैलूर म्हणजे बीदरच. इथलं लेकरू घरात मराठी बोलतं, दारात कन्नड, बाजारात दक्खनी, आणि जहिराबादकडची मावशी आली की तेलुगूही समजून घेतं. भाषेची चैन आहे. पण सात वर्षांच्या पोरीला मराठीतून ताल शिकवणारी एखादी बाई शोधून दाखवा. तुमच्या प्राथमिक शाळेत संगीताचा शिक्षक होता का, हे जिनं तिनं आठवून पाहावं. आमच्या शाळेत प्रार्थना म्हणून घेणारे गुरुजी होते आणि ते गणिताचे होते. २०१७ साली बीदर-कलबुर्गी रेल्वे सुरू झाली, फार सोय झाली, पण त्या गाडीतून तबल्याची जोडी घेऊन कुणी इथं शिकवायला उतरलंय, असं मी अजून पाहिलं नाही. तेव्हा समोर बसलेला गुरू बरा की पडद्यावरचा, हा प्रश्न ज्यांना दोन्ही मिळतात त्यांनी सोडवावा. आमच्याकडे पडद्यावरचा गुरू किंवा कुणीच नाही, अशी निवड असते.

एवढं वाचून ऑनलाइन क्लासवाल्यांनी खूश होऊ नये. माझं खरं भांडण त्यांच्याशीच आहे. आणि थोडं आपल्या माजघराशीही आहे, ते पुढे येईल.

हे वर्ग आले कुठून, ते आठवा. देशातला करोनाचा पहिला मृत्यू आमच्या शेजारच्या कलबुर्गीत झाला, १० मार्च २०२० ला. त्यानंतर दारं बंद झाली ती आमच्याकडे सगळ्यांच्या आधी, आणि शाळाही. जूनमध्ये कर्नाटक सरकारनं पाचवीपर्यंतच्या लेकरांचे ऑनलाइन वर्ग घ्यायचेच नाहीत असं ठरवलं. जुलैत उच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. ऑगस्टमध्ये 'विद्यागम' आलं, म्हणजे शिक्षकांनीच गावात जायचं आणि देवळाच्या ओसरीत, झाडाखाली, जागा मिळेल तिथं लेकरं जमवून शिकवायचं. मला ती कल्पना फार आवडली होती. ऑक्टोबरात तीही थांबवावी लागली. पहिली ते पाचवीच्या शाळा पुन्हा उघडल्या त्या २५ ऑक्टोबर २०२१ ला. दीड वर्षाच्या वर काळ गेला. या सगळ्या काळात अक्षरांवर चर्चा झाली, पाढ्यांवर झाली, नेटवर्कवर झाली, एका घरात एक मोबाईल आणि तीन लेकरं यावर झाली. सगळं खरंच होतं. पण दीड वर्षात पाच-सहा वर्षांच्या लेकरांनी एकदाही एकत्र टाळी वाजवली नाही, एका ओळीत पाय आपटत चालली नाहीत, कुणाच्या हातात हात घालून गिरकी घेतली नाही, याचा हिशेब कुणी मांडला नाही. ती गोष्ट अभ्यासात धरलेलीच नाही ना.

त्याच काळात गाण्याचे ऑनलाइन वर्ग निघाले. शाळा उघडल्या, तरी ते राहिले.

माझ्या भाचीच्या मुलीचा असा एक वर्ग मी महिनाभर शेजारी बसून पाहिला. पंधरा-वीस चौकोनांत पंधरा-वीस लेकरं. सूचना अशा: पाठ सरळ. हात मांडीवर. उठायचं नाही, चेहरा चौकटीबाहेर जातो. मान जास्त हलवायची नाही. आणि सगळ्यात आधी, "सगळ्यांनी म्यूट करा." आपल्या लहानपणी शाळेत हाताची घडी, तोंडावर बोट असायचं. ते इन्स्पेक्टर येणार म्हणून, पाच मिनिटांपुरतं. इथं तालाचा तास तसा! मी घड्याळ लावून मोजलं. पंचेचाळीस मिनिटांत पोरगी एकदाही उभी राहिली नाही, आणि तिचा आवाज तिकडे पोचला तो एकदाच, हजेरी देताना.

एका दिवशी मात्र शिकवणाऱ्यांनी एकेकाला आवाज सुरू करायला लावून हातावर ताल द्यायला सांगितला. तिकडून ठेका वाजतोय, इकडे पोरगी टाळी देतेय. मी तिच्या शेजारी बसलेली. ठेक्याच्या समेवर तिची टाळी पडत होती, अगदी चपखल. आणि तिकडून ओरडा आला, "मागे पडतेस. लक्ष कुठंय? घाई कर."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. ती बरोबर होती आणि तिला चूक म्हटलं गेलं होतं.

हे का होतं, ते जरा नीट समजून घ्या, कारण फी आपण भरतो. समजा, तिकडची टाळी आपल्या फोनपर्यंत यायला पाव सेकंद लागला. लेकरानं ती ऐकली आणि बरोबर तिच्यावर टाळी दिली. लेकराची टाळी परत जायला आणखी पाव सेकंद. म्हणजे शिकवणाऱ्याच्या कानावर ती अर्ध्या सेकंदानं पडणार. मिनिटाला साठ मात्रांची सावकाश लय असेल तर एक मात्रा एका सेकंदाची. तिकडे वाटतं लेकरू अर्धी मात्रा मागे आहे. लय दुप्पट केली, मिनिटाला एकशेवीस, की लेकरू अख्खी एक मात्रा मागे ऐकू येतं. आता "घाई कर" म्हटल्यावर लेकरू काय करणार? सम यायच्या आधी टाळी मारायला शिकणार. चार महिने असं केलं की ते लेकरू कुठल्याच माणसाबरोबर गाऊ-वाजवू शकणार नाही, आणि मग आपणच म्हणणार, हिच्या अंगात ताल नाही. एका खोलीत हे होत नाही. दहा मीटरवर उभ्या माणसाची टाळी कानावर यायला सेकंदाचे शंभर भाग केले तर जेमतेम तीन भाग लागतात. एका उखळात दोन मुसळांनी हळद कांडणाऱ्या बाया ज्यांनी पाहिल्यात, त्यांना यापेक्षा जास्त सांगायला नको. एकीचं मुसळ वर जातं तेव्हा दुसरीचं खाली येतं. तिथं पाव सेकंदाचा उशीर झाला तर मुसळावर मुसळ आपटणार.

दुसरी गंमत. हे फोनमधले ॲप माणसाचा बोलण्याचा आवाज तेवढा कामाचा समजतात. टाळी, चुटकी, पाय आपटणं, ताटावर चमचा, हे सगळं त्यांच्या लेखी गोंगाट. ते गाळून टाकतात. म्हणजे तालाच्या वर्गात जे ऐकायचं तेच गाळलं जातं. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' नावाची सोय आहे, ती सुरू केली की हे गाळणं थांबतं. त्या अख्ख्या महिन्यात ती सुरू करा असं एकदाही कुणी सांगितलं नाही. तुमच्या वर्गात सांगितलं का?

तर मग लग्नातल्या त्या गृहस्थांचंच खरं म्हणायचं का? मुळीच नाही. दुरून एकत्र वाजवता येत नाही, इतकंच खरं. दुरून ताल शिकवता येत नाही, हे कुठून काढलं? मी स्वतः आठ-दहा लेकरांना शिकवते, चार समोर बसून आणि बाकीची भालकीपासून पार पुण्यापर्यंत फोनवर. दुरून शिकवताना एक ध्यानात ठेवावं लागतं: जो मागून जातो, त्यालाच जुळलेलं ऐकू येतं. म्हणून पुढे लेकरानं जायचं. लेकरू टाळी देत चालतं, मी माझा आवाज बंद करून इकडे त्याच्या टाळीवर ठेका धरते. मग माझ्या खोलीत सगळं जुळलेलं असतं आणि लेकराची लय कुठं सैल पडते, कुठं धावते, ते मला स्वच्छ कळतं. माझी पाळी आली की मी चार मात्रा वाजवते आणि थांबते. तीच चार लेकरू मला परत करतं. सवाल-जवाब. एकाच वेळी दोघांनी वाजवायचंच नाही. आणि शक्य असेल तिथं थेट फोन सोडून द्यायचा. मी व्हॉट्सॲपवर माझ्या आवाजात ठेक्याचे बोल पाठवते; लेकरू ते दिवसभरात दहा वेळा ऐकतं, पाय टाकतं, आणि संध्याकाळी आपलं आपण बोल म्हणत चालून व्हिडिओ पाठवतं. त्या व्हिडिओत त्याचं तोंड, हात आणि पाय एकाच खोलीतले असतात. वाटेत काही मागे पडत नाही. थेट वर्गापेक्षा हे शंभर पट खरं असतं. पण असा वर्ग 'लाइव्ह' म्हणून विकता येत नाही, हीच अडचण असावी.

आणि उठायचंच. कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादची फरशी आपल्याकडे घरोघरी आहे. दोन फुटी फरशी धरा. चार ओळी, ओळीत चार फरश्या. आठ बाय आठ फुटांत तीनतालाच्या सोळा मात्रा मावल्या. एक फरशी एक मात्रा, ओळ संपली की नांगर वळतो तसं वळायचं. पहिल्या फरशीवर पाय आपटून सम. पाचव्या आणि तेराव्या फरशीवर टाळी. नववी खाली: तिथं पाय अलगद, आवाज न करता, हात उघडा. सहा वर्षांच्या पोराला 'खाली म्हणजे काय' हे तोंडानं सांगून पाहा. नाही कळत. त्या नवव्या फरशीवर अलगद उतरलं की कळतं, आणि मग विसरत नाही. दादऱ्याच्या सहा मात्रांना तर फरशीसुद्धा नको, तीन-तीनचा झोका घ्यायचा, या पायावरून त्या पायावर. जमीन साधी असेल तर रांगोळीनं चौकोन काढा. हे सगळं फोन कोनाड्यात टेकवून होतं. त्यात फक्त पाय आणि कंबर दिसली तरी मला चालतं. चेहरा कशाला हवाय? तालाला चेहरा नसतो.

यात मी काही नवं शोधलेलं नाही. देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवानं तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' लिहिला, त्यात गाणं, वाजवणं आणि नाचणं या तिन्हींना मिळून संगीत म्हटलंय आणि शेवटचा अध्याय नाचण्यावर दिलाय. देवगिरी म्हणजे दौलताबाद, आपल्या मराठवाड्यातलंच. आपल्या पार्श्वदेवांचा 'संगीतसमयसार' घ्या. दिगंबर जैन ग्रंथकार, आणि त्यातही ताल आहे, नृत्यही आहे. आठशे वर्षांपूर्वीच्या माणसांना जे एकत्र दिसलं, त्याचे आपण तीन क्लास केले, तीन फिया केल्या, आणि गाण्याच्या क्लासमधून पाय काढून टाकले. तिकडे जिनिव्हात एमिल जॅक-डालक्रोझ नावाचे संगीताचे प्राध्यापक होते, १८६५ चा जन्म. त्यांच्या मोठमोठ्या विद्यार्थ्यांना वाजवता यायचं पण लय अंगात नसायची. त्यांनी त्यांना बाकावरून उठवलं आणि सुरांवर चालायला लावलं. त्यातून शिकवण्याची एक अख्खी पद्धत उभी राहिली, आज जगभर लहान मुलांना ती शिकवतात. अमेरिकेतल्या संगीतशिक्षकांनी तर १९९६ मध्ये लय शिकवायला 'तकदिमी' नावाची पद्धत काढली. नाव ऐकलंत? आपल्याकडच्या मृदंगाचे बोल. ते लोक आपले बोल घेऊन लेकरं नाचवतायत आणि आपण आपल्या लेकरांना हाताची घडी घालून बसवतोय, वर त्याचे पैसे देतोय.

आता माजघराकडे येते.

ऑनलाइन वर्गात फोन कोण धरतं? चार्जिंग आहे का ते कोण बघतं, धाकट्याला दुसऱ्या खोलीत कोण डांबतं, लिंक कोण उघडतं, "मॅडम, आवाज येतोय का" कोण विचारतं? आई. आणि तिला वर्गात काय किंमत? "मागून आवाज येतोय, कुकर बंद करा." "पालकांनी मध्ये बोलू नये." वर्गाची वेळ संध्याकाळी पाचची. आता आपल्या घरात सूर्यास्ताआधी जेवण. डिसेंबरात इकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य बुडतो. पाचला पोळ्या तव्यावर, सासूबाई घड्याळाकडे बघतायत, आणि ही बाई एका हातात लाटणं, एका हातात फोन घेऊन तीनतालाची चौकट सांभाळतेय. वेळ बदला म्हणून विनंती केली तर उत्तर येतं, बॅच भरलीय. एकट्या जैन घरांचंच नाही हे; त्या वेळेला गाईचं दूध असतं, नळाचं पाणी असतं, दिवेलागण असते. वेळ ठरवताना बाईला विचारायचं असतं, हे अजून कुणाच्या डोक्यात आलेलं नाही.

वर अर्ध्या सेकंदाचा हिशेब मांडला, तो पुन्हा बघा. त्या अख्ख्या वर्गात लेकराबरोबर एकाच क्षणी टाळी देऊ शकणारं माणूस किती? एक. त्याच्या खोलीत असलेलं. म्हणजे आईच, किंवा आजी. पुण्यातला कितीही मोठा तबलजी असो, त्याची टाळी उशिरानं येणार. आईची येणार नाही. आणि नेमकं तिलाच गप्प बसवलंय! दुरून शिकवणाऱ्यानं खरं तर आधी तिला वर्गात घ्यायला हवं. आठ मात्रांचा केरवा तिला दोन दिवसांत हातावर बसतो. मग तिनं ठेका धरावा, लेकरानं चालावं, दुरून शिकवणाऱ्यानं ऐकावं आणि सांगावं. मी असंच करते.

यावर बायाच म्हणतात, "ताई, मला संगीतातलं काही कळत नाही." अगं, मंगळागौरीला झिम्म्यात टाळी चुकली तर कोण कोणाला दटावतं? फुगडीत लय वाढत जाते तेव्हा पाय कधी बदलायचा हे तुला कुठल्या क्लासनं शिकवलं? आपल्या सीमेवरच्या बायांना तर चार घरचा ताल ठाऊक. जहिराबादकडे दसऱ्याच्या आधी बतुकम्मा मांडून बाया फेर धरून टाळ्या देतात. कन्नड वस्तीत टिपऱ्यांचा कोलाट. तांड्यावरच्या लमाण बायांचा फेर. आणि आपल्या आज्यांचं जातं. माझ्या मोठीआईला नुसती बसून ओवी म्हण म्हटलं तर यायची नाही. हात खुंट्याला लागला, पाळू फिरली, की मग शब्द यायचे. शब्दांच्या आधी हात, हे तिला सांगावं लागलं नव्हतं. हेमा राइरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखाच्या वर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. लाखाच्या वर! त्या म्हणणाऱ्यांपैकी कुणाला विचारलं असतं तर तिनंही हेच म्हटलं असतं, मला बाई गाण्यातलं काही कळत नाही.

मात्र आईला आणखी एक फुकटचं काम लावून द्यायचं असेल, तर मीच आडवी येईन. तिला वर्गात घ्यायचं म्हणजे वेळ तिच्या सोयीनं, वर्ग पंचेचाळीसऐवजी वीस मिनिटांचा, आणि फी अर्धी, कारण अर्धं काम ती करते. आणि वडलांना टाळी वाजवता येत नाही असं मला तरी कुणी सांगितलेलं नाही. एक दिवस त्यांनी चालावं त्या फरश्यांवर. नववी फरशी त्यांना जड जाईल, पण लेकरं शिकवतील.

दुसरी गोष्ट बोलायला अवघड आहे, म्हणून बोलते. माझ्याकडची एक पोरगी, दहा वर्षांची, पायात फार सुंदर लय. व्हिडिओ यायचे ते नुसते बघत राहावे असे. एकदा व्हिडिओ यायचे थांबले. आईला फोन केला. "आता मोठी झाली ना ताई. बसून शिकवा. घरातले म्हणतात, उड्या कशाला?" तिच्या पाठच्या भावाला मात्र उड्या चालू.

आपल्या समाजातला कुठलाही कार्यक्रम काढा. महावीर जयंती असो, दशलक्षणातला संध्याकाळचा कार्यक्रम असो, सुरुवात कशानं? मंगलाचरण. छोट्या मुलींचं नृत्य. रेकॉर्ड लावायची, परकर-पोलकं घालून चार पोरी उभ्या करायच्या, सगळ्यांनी कौतुकानं बघायचं. पंचकल्याणकात नीलांजनेचं नृत्य असतं, तेही आपण डोळ्यांत पाणी आणून बघतो. तीच पोर अकरा-बाराची झाली की, पुरे आता. मग तिनं उपवास करावा, स्तवन म्हणावं, तेही बसून, हळू आवाजात. नाच पवित्र होता तर दोन वर्षांत तो काय बिघडला? आणि वाईटच होता, तर सात वर्षांच्या पोरीला त्यात उभं करून टाळ्या कशाला वाजवल्या?

व्हिडिओची भीती मात्र मला मान्य आहे. पोरीचा व्हिडिओ आज एका गटात गेला की उद्या कुठं फिरेल सांगता येत नाही. म्हणून माझा नियम आहे: व्हिडिओ आईच्या फोनवरून, फक्त मला, पायांपुरता, बघून झाला की मी पुसते आणि तुम्हीही पुसा. कुठल्या क्लासनं मुलींचे व्हिडिओ जाहिरातीला वापरले तर त्याला त्याच दिवशी सोडा. ही काळजी घ्यायची. पण फोनची भीती सांगून पोरीचे पाय बांधायचे, हे चालणार नाही. त्या बाईंनाही मी तेच सांगितलं: फोन नको तर नको, कोनाड्यात ठेवा, तिचा आवाज येऊ द्या, मी नुसत्या पावलांवरून शिकवते. अजून उत्तर आलेलं नाही.

आणखी एक उपाय आहे, आणि तो आपल्या हातातला आहे. प्रत्येक लेकरू आपापल्या घरात, आपापल्या चौकोनात का बसवायचं? आपल्या मंदिराच्या सभागृहात मोठा टीव्ही आहे. चातुर्मासातल्या प्रवचनांसाठी घेतला, बाकीचे आठ महिने त्यावर चादर असते. आठवड्यातून दोनदा, दुपारी, पाच-सात लेकरं तिथं जमवा. पडद्यावर एक शिकवणारी, आणि लेकरं एका खोलीत. लेकरालेकरांत तर काही उशीर होत नाही! ती एकमेकांच्या टाळीवर टाळी देतील, फेर धरतील, धडकतील, हसतील. आयांनी पाळीपाळीनं ठेका धरायला यावं, म्हणजे एकीवर भार नको. शेजारच्या लिंगायत घरातली, मुसलमान घरातली लेकरं आली तर येऊ द्या, तालाला कुठली जात आलीय. फी सगळ्यांत वाटली गेली की तिचीही धार बोथट होते. पुण्याच्या बाई तयार आहेत. मी तयार आहे. सहा आया तयार आहेत, त्यातल्या दोघींनी केरवा आणि दादरा हातावर बसवलासुद्धा.

हा अर्ज मी विश्वस्तांकडे दिलाय. एकाचं म्हणणं पडलं की लाइट-बिल वाढेल; ते आम्ही भरू असं लिहून दिलं. दुसऱ्यांचं म्हणणं, मुलं उड्या मारून फरशी खराब करतील. ती फरशी शहाबादी आहे, बाबांनो. लग्नसराईत तिच्यावर आचाऱ्यांची लोखंडी चूल ठेवता, कढया ओढता, हंडे आदळता. तेव्हा नाही हो तिला कधी काही झालं.